गाडीमागचा संसाराचा गाडा

कुटुंबासह रानात मुक्काम करायचा म्हणून एसयूव्ही आणि तिच्यामागे ओढायचा ट्रेलर सज्ज करण्याच्या कामाचे दोन टप्पे असतात. पहिल्यात गाडीवर सामान चढते, दुसऱ्यात त्यातले निम्मे उतरते. पहिला टप्पा घरासमोर, शेजाऱ्यांच्या देखत, हौसेने पार पडतो. दुसरा वावरात, चाक रुतल्यावर. छत्रपती संभाजीनगरात दोन्हींची सोय उत्तम आहे. वाळूज, चिखलठाणा, शेंद्रा या पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग करणारे इतके लहानमोठे कारखाने आहेत, की लोखंड कापून, वाकवून, वेल्डिंग मारून देणारा माणूस प्रत्येक घराच्या ओळखीत निघतोच. शहर संपले की म्हैसमाळचे पठार, गौताळ्याचे जंगल, अजिंठ्याची रांग आणि पैठणचा नाथसागर आहे. या सगळ्यांच्या मध्ये काळी माती पसरलेली आहे, आणि तिच्यापुढे कुणाचीही ओळख चालत नाही.

गाडी आधी आणि रस्ता मागून, हा क्रम या शहराला नवा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्याची बातमी देशभर झाली. या गाड्या चालवणार कुठल्या रस्त्यावर, असा प्रश्न तेव्हाही निघाला. पण तो विचारणाऱ्यांत गाडी घेतलेला कुणी नव्हता. ऑफ-रोड गाडी हे त्याच विचाराचे पुढचे, आणि खरे तर जास्त प्रामाणिक, पाऊल आहे. तिच्या मालकाने रस्त्याची आशाच सोडलेली असते. चौपदरीकरणाचे काम चालू असलेल्या वर्षांत जळगाव रस्त्याने अजिंठ्याला जाऊन आलेल्यांनी तर राष्ट्रीय महामार्ग न सोडता ऑफ-रोडिंग केलेले आहे, तेही साध्या अल्टोत.

लवाजमा घेऊन मुक्कामाला निघण्याची परंपरा इथे जुनी आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेस आणले. सहकुटुंब प्रवास म्हणून त्या बेताचे नियोजन कच्चे होते, आणि प्रवाशांचे मतही कुणी विचारले नव्हते. औरंगजेबाने आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे दख्खनेत काढली, त्यातली बरीचशी छावणीत. मुघल छावणीची एक रीत मात्र आजही उचलण्यासारखी आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी जाऊन उभा राहिलेला असे. आजच्या कुटुंबाकडे तंबूंचा दुसरा संच नसतो, पण मेव्हणा असतो. त्याला सकाळीच मोटारसायकलवरून पुढे धाडले, तर जागा कोरडी आहे का आणि ट्रेलर वळेल का, या दोन गोष्टी आधी कळतात. ट्रेलरवाल्यांच्या निम्म्या अडचणी एवढ्याने मिटतात. उरलेल्या निम्म्या मेव्हण्याने दिलेल्या माहितीमुळे उद्भवतात.

याच रीतीचे जिवंत रूप वारीत दिसते. पैठणहून पंढरपूरला जाणारी नाथांची पालखी असो वा कुठलीही दिंडी. ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकल्या जातात, पाण्याचा टँकर उभा राहतो, मोठ्या पातेल्यात भाजी शिजते आणि माणसे चालत येऊन पोहोचतात तेव्हा पंगत तयार असते. शेकडो माणसांची ही व्यवस्था एका वहीवर आणि दोन अनुभवी माणसांवर चालते. मराठवाड्यातला दुसरा मोठा चाकांवरचा मुक्काम ऊसतोडीचा. हंगाम लागला की ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत धान्य, भांडी, अंथरुणे, शेळी, कोंबड्या आणि लेकरे घालून कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि काही महिने कोपीत काढतात. ते हौसेने निघत नाहीत, म्हणून त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. पण ट्रेलरमध्ये काय लागते आणि काय लागत नाही याचे खरे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, ते हे लोक. त्यांना कुणी विचारायला जात नाही, हा भाग वेगळा.

वाहनाची निवड ही तांत्रिक बाब समजली जाते. प्रत्यक्षात ती घरातल्या बहुमताची बाब आहे. मुलाला थार हवी असते. तीन दारांच्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून ती निघते, हे आकडे त्याला तोंडपाठ असतात. बारावीचे एकही सूत्र इतके पाठ नसते. काका फोर्सच्या गुरख्याची बाजू लावून धरतात, कारण तिला ७०० मिलिमीटर पाणी चालते आणि हवा वरून ओढणारा स्नॉर्केल कारखान्यातूनच बसून येतो. वादाला रंग चढला असताना स्वयंपाकघरातून एकच प्रश्न येतो, "ते सगळं खरं, पण आई चढणार कशा हिच्यात?" या प्रश्नाला कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. मग दाराखाली पायरी बसवली जाते. पायरी बसली की मधल्या भागाची जमिनीपासूनची उंची घटते, म्हणजे ज्या आकड्यासाठी गाडी घ्यायची ठरली होती तो आकडा गाडी शोरूममधून निघण्यापूर्वीच गेलेला असतो. शिवाय तीन दारांच्या थारमध्ये बसतात चार, आणि घरात माणसे सात. म्हणून शेवटी सात आसनांची गाडी येते. सातवे आसन भरले की सामानाला जागा उरत नाही. ट्रेलरचा जन्म इथे होतो.

गाडीने किती ओझे घ्यावे हे एका वजाबाकीत कळते. गाडीचे अनुमत एकूण वजन घ्यायचे आणि त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे. मोठ्या एसयूव्हीत हे उत्तर बहुधा पाचशे किलोच्या अल्याडपल्याड येते. सात माणसे सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो तिथेच संपले. ही सरासरी घरात कुणालाच मान्य नसते. आपण तिच्याखाली आणि दुसरा तिच्यावर, अशी प्रत्येकाची खात्री असते. उरल्या पंचेचाळीस किलोंत तंबू, पाणी, शेगडी आणि आजींची औषधांची पिशवी बसवायची, हे गणित सुटत नाही असे दिसताच काळीपिवळीचा दाखला निघतो. खेडोपाडी वर्षानुवर्षे एका जीपमध्ये पंधरा माणसे, टपावर दोन पोती आणि मागच्या पायरीवर तिघे लटकत गेले, तेव्हा काय झाले? तेव्हा पाटे तुटत, एवढेच. काळीपिवळीचा मालक तुटलेला पाटा दुपारपर्यंत बदलून संध्याकाळच्या फेरीला हजर असे. कॉइल स्प्रिंगवरची वीस-बावीस लाखांची गाडी या बाबतीत जास्त मानी असते.

सज्जता सुरू होते ती वरून, कारण वरचे दिसते. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर घडीचा तंबू, समोर दिव्यांची पट्टी. घडीचा तंबू ५० ते ७० किलोचा असतो. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल हा आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि तोही पुष्कळदा याच घरातला असतो. म्हणजे तंबू चढला की टप भरला. वर आणखी एक ताडपत्रीसुद्धा हिशेबात बसत नाही. उभ्या गाडीला हाच टप कितीतरी जास्त भार घेतो, म्हणून रात्री त्यावर दोन माणसे झोपू शकतात. शिडी चढून झोपायला जाण्याची कल्पना मुलांना फार आवडते. मोठ्यांनाही आवडते, रात्री दोनला उतरायची वेळ येईपर्यंत.

समोरच्या बंपरवर लोखंडी बुलबार बसवण्याची इच्छा मात्र दाबून ठेवावी लागते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की असे बार पादचाऱ्यांना आणि गाडीतल्यांनाही धोक्याचे आहेत आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. हे कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्याच्या आड येते, आणि जवळपास प्रत्येक हौस त्याला कुठेतरी घासून जाते. गॅरेजवाल्याला हे सांगितले तर तो पान्ह्यावरची नजर न उचलता म्हणतो, "हो जाता साब, कायकू टेन्शन लेते." त्याचे बरोबर आहे. टेन्शन त्याने घ्यायचे नसतेच. पुढे चौकात थांबवला जाणारा तो नसतो.

खरा खर्च खाली व्हायला हवा, टायरवर. शोरूममधून येणारे टायर डांबरासाठी असतात. खडकाळ, मुरमाड वाटेला जाड बाजूचे, खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर लागतात, आणि रिमचा व्यास जितका मोठा तितकी टायरची रबरी बाजू कमी, म्हणून शोभेसाठी घेतलेली मोठी अलॉय रानात महागात पडतात. वाळूत किंवा दगडगोट्यांत हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते आणि दणके कमी लागतात. त्यासाठी हवा मोजायचे मीटर आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवा. सगळ्या साहित्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू याच दोन. भेट म्हणून मात्र त्या कुणी देत नाही. भेटीत येतात ते कपाळावर बांधायचे दिवे, एका घरात नऊ. टायरचा खरा वैरी खडक नसून वेडी बाभूळ आहे. तिचा काटा नव्या टायरात आरामात शिरतो आणि आत मोडतो. ट्यूबलेसचे पंक्चर काढायच्या दोऱ्या कुठेही मिळतात. काटा नेमका कुठे आहे ते सांगणारा माणूस मिळत नाही.

ट्रेलरचा विषय यापेक्षा खोल आहे. ७५० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचा ट्रेलर नियमांत टी-१ या सर्वांत हलक्या वर्गात येतो, आणि कौटुंबिक ट्रेलर त्यातच ठेवलेला बरा. त्याची वेगळी नोंदणी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रेलरचा नोंदणी क्रमांक त्याच्या बाजूवर असतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर लावावा लागतो. एमएच २० चे असे दोन-दोन क्रमांक अंगावर घेऊन निघालेला ट्रेलर दिसला, की वाटेतल्या प्रत्येक हॉटेलात त्याची चौकशी होते. प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला पडला, काय काय बसतं, आणि शेण वाहायला चालेल का. तिसरा प्रश्न विचारणाऱ्याला वस्तूची खरी पारख असते.

चांगल्या ट्रेलरचे लक्षण असे की त्याची चाके आणि त्यांच्यातले अंतर ओढणाऱ्या गाडीच्याच मापाचे असते. मग एकच स्टेपनी दोघांना चालते आणि दोन्ही चाकोऱ्या एकावर एक पडतात. जोडणीचा गोळा बहुधा ५० मिलिमीटरचा. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे दहा टक्के त्या गोळ्यावर यावे लागते. ट्रेलरचे नाक हलके झाले तर तो वेगात डोलू लागतो. जड झाले तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. हे शास्त्र घरात सर्वांना नीट समजावून सांगितलेले असते. तरी ट्रेलरचे दार मागे असते, आणि जे शेवटी आठवते ते मागे कोंबले जाते. शेवटी आठवणाऱ्या वस्तू नेहमी जड असतात: खलबत्ता, पाण्याचा दुसरा जार, आणि दोरीने आवळलेली लोखंडी फोल्डिंगची खाट, जिच्याशिवाय आजींची कंबर ऐकत नाही. मग चौक्याच्या घाटाआधी ट्रेलर डोलू लागतो आणि रस्त्याच्या कडेला सगळे उतरवून पुन्हा भरावे लागते. त्या वेळी खाट पुढे येते आणि आजी खाटेवर बसून देखरेख करतात.

ट्रेलर मागे घेणे ही स्वतंत्र विद्या आहे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो, आणि त्याला सरळ करायला गाडीने त्याच्याच मागे जावे लागते. जरा उशीर झाला की गाडी आणि ट्रेलर कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांवर मिटतात. ही विद्या मोकळ्या मैदानावर अर्ध्या दिवसात येते, अट एवढीच की मैदानात दुसरे कुणी नसावे. प्रत्यक्षात गाडीच्या मागे घरातले सगळे उभे असतात. वडील "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात. मुलगा "पप्पा, लेफ्ट, लेफ्ट" ओरडतो. तो लेफ्ट गाडीचा, ट्रेलरचा की त्याचा स्वतःचा, हे कळायला वेळ लागतो. काका दोन्ही हात हवेत गोल फिरवतात, त्याचा अर्थ त्यांनाही सांगता येत नाही. बायको शांतपणे म्हणते, "अहो, झाड आहे." या सगळ्या सूचनांत कामाची तेवढीच असते आणि ती शेवटी ऐकू येते. संथ गती, एकच सांगणारा आणि दिसेनासा झाला की थांबायचे, हा नियम मालमोटारींच्या क्लीनरांनी कधीच घालून दिलेला आहे. मालमोटारीचा क्लीनर पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारतो. त्याहून स्पष्ट भाषा या कामासाठी अजून निघालेली नाही.

पाण्याच्या बाबतीत संभाजीनगरच्या कुटुंबाला कुणी शिकवायची गरज नाही. जायकवाडीसारखे धरण हाताच्या अंतरावर असून ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथल्या प्रत्येक घराला पिण्याचे, सांडायचे आणि वापरून पुन्हा वापरायचे पाणी वेगळे ठेवण्याचा सराव असतो. परदेशी कॅम्पिंगच्या पुस्तकांत जो मजकूर एका प्रकरणाचा असतो, तो इथल्या गृहिणी बादलीच्या आकारावरून सांगतात. माणशी दिवसाला पिणे-स्वयंपाकाचे चार-पाच लिटर धरले तर सात जणांना दोन दिवसांचे साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे तितकेच किलो. ही टाकी ट्रेलरमध्ये चाकांच्या आसाजवळ, तळाला हवी, आणि अर्धवट भरलेली नको, कारण हिंदकळणारे पाणी वळणावर आपले मत मांडते. पाण्यावरच्या खर्चाला घरात कधीही विरोध होत नाही, हे इथले वैशिष्ट्य.

विजेचेही तसेच. भारनियमन पाहिलेल्या पिढीला इन्व्हर्टरची भाषा येते. शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. गाडीतला छोटा फ्रीज सरासरी तीस वॅट खात असेल तर त्याला ती दीड दिवस पुरावी. फ्रीजमध्ये काय ठेवायचे, हा प्रश्न मात्र फ्रीज घेतल्यानंतर उभा राहतो. दूध, दही, कोथिंबीर, आणि रिकाम्या जागेत बर्फ, जो नेण्यासाठी आधी थर्माकोलचा साठ रुपयांचा डबा होता. मुलांचे फोन, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर त्याच बॅटरीवर लागले की हिशेब रात्री दहालाच बुडतो. काहींनी मिक्सरही नेऊन पाहिला आहे. खलबत्ता जड असला तरी चार्ज करावा लागत नाही.

स्वयंपाकाची सज्जता हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग. बाजारात खणांचे, सरकत्या फळ्यांचे, बाहेर ओढले की ओटा होणारे लाकडी कप्पे मिळतात आणि शेंद्र्याचा कुठलाही कारागीर ते पाहून तसेच करून देतो. पण त्यांत ठेवायला जो शिधा लागतो, तो मराठवाड्याने फार पूर्वी शोधून ठेवला आहे. येसर हा त्याचा शिरोमणी. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ महिनोन्महिने टिकते. फोडणीत पाणी उकळून त्यात दोन-तीन चमचे येसर सोडले की पाच मिनिटांत आमटी होते, आणि ती अशी होते की कुणी काही विचारत नाही, जो तो वाटी पुढे करतो. सोबतीला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. यांतले एकही फ्रीजमध्ये ठेवावे लागत नाही, ही गोष्ट फ्रीजच्या मालकापासून दडवून ठेवायची असते. मांसाहारी घरांत नान खलियाची आठवण निघते. हा पदार्थ तुघलकाच्या फौजेबरोबर इकडे आला, असे शहरात सांगतात. म्हणजे तोही मुळात छावणीचाच. पण नानाला तंदूर लागतो, आणि तंदूर नेणारा ट्रेलर टी-१ वर्गात राहत नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी पुरते. शेगडी तंबूत पेटवायची नाही. हे विनोदाने सांगायचे नाही: बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासच नसल्याने झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

सगळे भरून झाल्यावर जायचे कुठे, हा प्रश्न निघतो. म्हैसमाळला डांबरी रस्ता आहे, त्यामुळे तिथे चारही चाकांना शक्ती देणारी कळ दाबायला निमित्त मिळत नाही. तरी ती दाबली जातेच, कारण तिचे पैसे दिलेले आहेत. गौताळा-औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय मुक्काम करणे, जाळ करणे, रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा होतो. पितळखोरे, वेरूळ, देवगिरी ही संरक्षित स्मारके. त्यांच्या आवारात शेगडी पेटवण्याचा विचारही मनात आणू नये. राज्य सरकारने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते प्रामुख्याने कारव्हॅन उभ्या करायच्या ठरीव जागांचे. मराठवाड्यात रस्ता सोडला की राहते ते कुणाचे तरी शेत. शेताच्या बांधावरून गाडी नेणे याला इथे साहसी क्रीडा म्हणत नाहीत. त्याला वहिवाट म्हणतात आणि तो वाद तहसीलदारांकडे जातो. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ यांच्याखाली अशी कित्येक प्रकरणे चालतात. तेव्हा ऑफ-रोडची सर्वांत खात्रीची वाट म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याची पांदण, त्याला आदल्या दिवशी फोन करून.

अशा शेतात डिसेंबर-जानेवारीत पोहोचले तर हुरडा असतो. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कोवळी कणसे, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, गूळ, चटणी, रेवड्या. सात आसनी गाडी, ट्रेलर, सरकता ओटा आणि छताचा तंबू हे सगळे बांधावर उभे असते आणि सर्वजण आगटीभोवती गोणपाटावर बसलेले असतात. ऋतूही हाच बरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो आणि तंबूत सकाळी आठनंतर माणूस थांबत नाही. पावसाळ्यात पांदण थांबू देत नाही.

कारण काळी माती. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसात ती फुगते आणि चिकटते. चार पावले चालले की चप्पल किलोभर होते, तेच टायरचे. नक्षीच्या खाचा भरतात आणि नव्वद हजारांचा ऑल-टेरेन संच गुळगुळीत होतो. हवा कमी करण्याची युक्ती इथे फारशी लागू पडत नाही. रेस दिली की चाक जागच्या जागी फिरून खाली जाते आणि आस जमिनीवर टेकतो. मागचा ट्रेलर हा त्या वेळी नांगर असतो. पहिले काम ट्रेलर सोडवण्याचे. तो चिखलात सोडवता येतो असे मानणे हा दुसरा चिखल.

बंपरला लावलेल्या विंचची ताकद साडेनऊ हजार पौंड असते, म्हणजे चार टनांहून जास्त. ती वापरायला समोर भक्कम झाड लागते. शिवारात दिसते ती बांधावरची बाभूळ, जी मुळासकट येते, किंवा महावितरणचा खांब, ज्याला हात लावायचा नाही. नारिंगी प्लास्टिकच्या पट्ट्या चाकाखाली घालतात, त्या पहिल्या प्रयत्नात मातीत अदृश्य होतात. मग बांधावरून एक म्हातारा येतो. तो आधी गाडीकडे पाहतो, मग ट्रेलरकडे, मग ट्रेलरमधल्या खाटेकडे आणि तिच्यावरच्या आजींकडे. "गाडी भारी हाय हो. पण वावर वल्लं हाय ना," एवढे बोलून तो पळाट्यांचा भारा आणायला पाठवतो. कापूस वेचून झालेल्या या वाळक्या काड्या चाकाखाली आडव्या घातल्या की पट्ट्यांना जमले नाही ते जमते. तेवढ्यानेही नाही भागले तर ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची उभी, रुंद नक्षी या मातीसाठीच घडलेली आहे. तो पहिल्या गिअरमध्ये, आवाज न चढवता, आधी ट्रेलर आणि मग गाडी ओढून मुरमावर ठेवतो. पैसे विचारले तर चालक नाही म्हणतो आणि मुलांना टपावरच्या तंबूत चढायला मिळेल का, असे विचारतो. एसयूव्हीला लावायच्या साहित्यात खरोखर अत्यावश्यक म्हणता येईल अशी वस्तू एकच: पुढे आणि मागे, चासीला पक्का बसवलेला ओढायचा हूक. बाकी काम ट्रॅक्टर करतो.

तंबू ठोकताना खुंट्यांचा प्रश्न येतो. कातळात खुंटी जात नाही, ओल्या काळ्या मातीत राहत नाही. मुरमाचा उतार शोधावा, नाही मिळाला तर दोऱ्या दगडांना बांधाव्यात. दगडांचा तुटवडा या पठारावर कधी पडलेला नाही. जागा झाडून घ्यावी. विंचू आणि फुरसे दोन्ही इथे आहेत आणि दोघांनाही दगडाखाली राहणे आवडते, म्हणून बूट सकाळी झटकूनच घालावेत आणि रात्री दिव्याशिवाय उतरू नये. त्या नऊ दिव्यांपैकी एक इथे कामी येतो. आजी खाटेवर झोपतात. त्या रात्री झोप लागलेल्या त्या एकट्याच.

परतताना टायरमध्ये हवा पुन्हा भरायची असते, आणि विसरली जाणारी नेमकी हीच गोष्ट. समृद्धी महामार्गावर गाड्यांना १२० च्या वेगाची मुभा आहे. वीसवर उतरवलेल्या टायरने त्या वेगात काही किलोमीटर धावले तरी तो आतून तापून फुटू शकतो. ट्रेलर मागे असेल तर वेग मुळातच बराच खाली ठेवावा. घरी आल्यावर ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग धुऊन पाहावेत. वाळलेली काळी माती पाण्याने निघत नाही, खरवडून काढावी लागते, आणि ती किती दिवसाआड येणाऱ्या पाण्याने धुवायची हा पुढचा प्रश्न.

राहता राहिला ट्रेलर. सिडकोच्या गल्लीत गाडीलाच जागा नसते, तर ट्रेलरला कुठून असणार. तो कडुनिंबाखाली, चाकाला दगड लावून, ताडपत्री पांघरून उभा राहतो. पुढचा मुक्काम दिवाळीनंतर, मग नाताळात, मग परीक्षा झाल्यावर, असा सरकत जातो. पण ट्रेलर रिकामा राहत नाही. शेजारच्या कुलकर्णीकाकूंचे कपाट त्यात जाते, गल्लीतला गणपती त्यातून येतो, कुणाच्या तरी लग्नाचे आंदण आणि कुणाच्या तरी बदलीचे सामान त्यातून हलते. या कामांत तो कधी डोलत नाही, कारण गल्लीतली माणसे जड वस्तू न सांगता पुढे ठेवतात. खासगी नोंदणीच्या ट्रेलरने भाडे घेऊन माल वाहता येत नाही. चहा घेऊन वाहता येतो.